बोर्ड एकाचा, इमारत दुसऱ्याची

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'काय आहे ना' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.



आजचा विषय आहे हॉटेल. आता आपल्याकडे हॉटेल म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर मिसळ येते आणि उरलेल्यांच्या डोळ्यांसमोर स्पेशल चहा. मी बोलतोय ते राहायच्या हॉटेलांबद्दल, आणि त्यातही चेन हॉटेलांबद्दल. एकाच नावाचं हॉटेल एका शहरात झकास आणि दुसऱ्या शहरात भंगार, असं का होतं? आणि एकेका कंपनीकडे वीस-वीस, तीस-तीस ब्रँड कशाला लागतात? हे दोन प्रश्न आहेत. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

आधीच सांगतो, मी या धंद्यातला नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक झालो, नोकरीला लागलो, आणि कंपनीनं मला क्लायंटच्या जागी जाऊन सिस्टिम बसवून द्यायच्या टीममध्ये टाकलं. त्यामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस हॉटेलात. हैदराबाद, चेन्नई, गुरुग्राम. एक मधल्या दराची चेन आहे, तिचं नाव घेत नाही, तिच्यातच उतरायचो. खोलीत शिरलो की दिव्याचं बटण कुठे आहे ते अंधारातसुद्धा सापडायचं. इस्त्री कपाटात डावीकडे, केटल टेबलावर, बाथरूममध्ये शॉवरला काचेचं दार. शहर कुठलंही असो, खोली तीच. दमून आलेल्या माणसाला ह्याचं किती बरं वाटतं ते फिरतीची नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आई-बाबा बार्शीला, मी नोकरीला बंगळुरात, ऑपरेशन पुण्यात. डिस्चार्जनंतर दहा दिवस रोज फिजिओथेरपीला यायचं होतं. पुण्यातले नातेवाईक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही काळजी करू नका, माझं सगळं ठरलेलं आहे. आणि हॉस्पिटलपासून दीड किलोमीटरवर माझ्या त्याच चेनचं हॉटेल बुक केलं. साठलेले पॉइंट्स होते, तेही वापरले. खरं सांगू का, मला त्याचा थोडा अभिमानच वाटत होता. इतकी वर्षं आई-बाबांनी मला सांभाळलं, आता मी त्यांना चांगल्या हॉटेलात ठेवतोय.

गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती लिफ्ट. ती तळमजल्यावर नव्हतीच, सहा पायऱ्या चढून गेल्यावर होती. दुसरी गोष्ट बाथरूम. बाथरूमची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा चांगली वीतभर वर. दाराशीच पायरी, आणि धरायला काही नाही. वॉकर आत जाईना. बोर्ड तोच, चादरी त्याच, साबणाच्या बाटल्यासुद्धा त्याच. इमारत मात्र कुठल्यातरी जुन्या हॉटेलची होती, जिच्यावर नंतर हे नाव चढवलेलं होतं.

मी खोली बदलून मागितली. सगळ्या खोल्या तशाच. दुसरं हॉटेल शोधतो म्हटलं, तर आई म्हणाली, "राहू दे रे, आता कुठं हलवतोस मला?" दुसऱ्या दिवशी पहाटे ती आम्हाला न उठवता एकटीच उठली. पायरीवर तोल गेला. बेसिन धरलं म्हणून पडली नाही, पण गुडघा वाकडा आपटला आणि टाक्यांतून रक्त आलं. परत हॉस्पिटल, ड्रेसिंग, एक्स-रे. सुदैवानं आतलं सगळं जागेवर होतं. पण तिची चालायची हिंमत जी गेली ती यायला पुढे दोन महिने लागले.

रिक्षात बसल्यावर तिनं मला विचारलं, "अरे, नाव चांगलं होतं ना त्याचं?" त्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. आजचा हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

हॉटेल सोडताना बिल हातात आलं. वर चेनचा लोगो, आणि खाली जीएसटी क्रमांकाच्या शेजारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, जिचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी काउंटरवरच्या ड्यूटी मॅनेजरला विचारलं, हे कोण? तो नांदेडकडचा पोरगा, माझ्याच वयाचा. दहा दिवस आईला 'काकू, काकू' करून त्यानं गरम पाणी, खुर्ची, जे जमेल ते पुरवलं होतं. तो हळूच म्हणाला, "सर, हे मालक. कंपनीचं फक्त नाव आहे. माझा पगारपण मालकच देतात."

इथून माझा शोध सुरू झाला. पुढचं सगळं नीट समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल, अमेरिकेत, १९५१ साली.

मेम्फिस शहरात केमन्स विल्सन नावाचा घरं बांधणारा एक व्यावसायिक होता. बायको आणि पाच मुलांना घेऊन तो गाडीनं वॉशिंग्टनला फिरायला गेला. वाटेतल्या मोटेलांनी त्याला वैताग आणला. कुठे अस्वच्छ, कुठे खोली इवलीशी, आणि वर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा. परत आल्यावर त्यानं ठरवलं, आपणच काढू. १९५२ मध्ये मेम्फिसच्या समर अव्हेन्यूवर त्याचं पहिलं हॉलिडे इन उभं राहिलं. नाव आलं एका सिनेमावरून, नकाशा काढणाऱ्यानं गमतीत वर लिहिलं होतं. मुलं फुकट, एअर कंडिशनर, फोन, पोहायचा तलाव, आणि रस्त्यावरून लांबून दिसेल असा भलामोठा बोर्ड.

विल्सननं शोधून काय काढलं? पलंग आणि पंखे तर आधीपासून होतेच. त्यानं विकायला काढली ती खात्री. अनोळखी गावात, रात्री नऊला, पोरं मागच्या सीटवर रडतायत, अशा वेळी बोर्ड बघून गाडी वळवता यावी. पुढे सत्तरच्या दशकात हॉलिडे इनच्या जाहिरातीचा सूरच असा होता की आमच्याकडे आश्चर्याचा धक्का बसणार नाही, हीच आमची खासियत.

अर्थशास्त्रात ह्याला पाया आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफचा १९७० सालचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा लेख प्रसिद्ध आहे, पुढे त्याला नोबेलही मिळालं. विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात चांगला माल मागे पडतो, कारण घेणारा चांगल्याचीही किंमत द्यायला कचरतो. ह्यावरचे उपाय सांगताना त्यानं ब्रँडचं आणि चेनचं उदाहरण दिलंय. म्हणजे हॉटेलची खोली आत जाऊन बघण्याआधी तपासता येत नाही, त्या जागी आपण नाव तपासतो.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते वाढताना. हजारो हॉटेलं स्वतःच्या पैशानं बांधणं कुणालाच परवडत नाही. म्हणून विल्सननंही फ्रँचायझी दिल्या. जमीन तुमची, कर्ज तुमचं, इमारत तुमची. नाव, बुकिंगची यंत्रणा आणि नियमांचं पुस्तक आमचं. बदल्यात उत्पन्नातला काही टक्का रॉयल्टी. त्या काळात ते चाललं, कारण सगळ्या इमारती नव्या होत्या.

पण इमारत म्हातारी होते, बोर्ड होत नाही. साठ-सत्तर साली बांधलेली हॉलिडे इन्स ऐंशी-नव्वदीत जुनाट झाली. एका एक्झिटला नवंकोरं, पुढच्या एक्झिटला कुबट गालिचा, आणि दोन्हीवर तोच बोर्ड. शेवटी २००७ मध्ये नव्या मालकांनी, म्हणजे इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल्स ग्रुपनं, साधारण एक अब्ज डॉलरच्या नूतनीकरणाची घोषणा केली. नवा बोर्ड, नवे पलंग, नवे शॉवर. जी हॉटेलं मापात बसणार नव्हती ती साखळीतून बाहेर. आणि ह्या खर्चातला मोठा वाटा कुणाचा? हॉटेलमालकांचा.

हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं ह्यावर उभं आहे. आज मोठ्या हॉटेल कंपन्या बहुतेक हॉटेलांच्या मालक नाहीतच. मॅरियटनं तर १९९३ मध्ये कंपनीचे सरळ दोन तुकडे केले. इमारती एका कंपनीकडे, तिचं नाव होस्ट मॅरियट. नाव आणि व्यवस्थापन दुसरीकडे, मॅरियट इंटरनॅशनल. पुढे बाकीच्यांनीही कमीअधिक तोच रस्ता धरला. आपल्याकडे फ्रँचायझीबरोबर मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्टची पद्धतही बरीच आहे. त्यात चालवणारा जनरल मॅनेजर चेनचा असतो, पण बाकी स्टाफचा पगार, वीजबिल आणि कर्जाचा हप्ता मालकाच्या खिशातून जातो.

आमच्या भाषेत सांगायचं तर ब्रँड हा इंटरफेस आहे आणि प्रत्येक हॉटेल हे त्याचं वेगवेगळ्या माणसानं लिहिलेलं इम्प्लिमेंटेशन. वरून कॉल तोच. आत कुणी काल लिहिलेला स्वच्छ कोड, तर कुणी वीस वर्षांपूर्वीच्या कोडवर नवा लोगो चिकटवलेला. माझ्या आईच्या नशिबी दुसरं आलं.

आता ह्यात मालक व्हिलन आहे का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मी चेनला लांबलचक मेल लिहिली. चेनकडून तीन ओळींची दिलगिरी आणि काही पॉइंट्स आले. पण आठवड्यानं एक फोन आला तो खुद्द मालकांचा. साठीचे गृहस्थ, मूळचे बांधकाम व्यवसायातले. आधी त्यांनी आईची चौकशी केली, आणि मग जे सांगितलं ते मला आजवर कुठल्या जाहिरातीत वाचायला मिळालेलं नाही.

ते म्हणाले, "कंपनीची फी उत्पन्नावर असते, नफ्यावर नाही. खोली विकली गेली की त्यांचे पैसे सुटले. माझं काय उरतं ते वर्षाच्या शेवटी कळतं. बाथरूम खाली घ्यायची तर नळाच्या लाइनी तोडाव्या लागतात, मजला दोन-दोन महिने बंद. कंपनीचं पत्र आलंय, करायचंच आहे, पण आधीचं कर्ज फिटलेलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "नाव घेतलं तेव्हा मला वाटलं होतं गिऱ्हाइकाची चिंता मिटली. तुम्हाला पण तसंच वाटलं असणार."

मी काय बोलणार? मीही नावाचे पैसे दिले होते आणि त्यांनीही. आमच्या दोघांच्या मधला तिसरा मात्र दोघांकडूनही घेऊन मोकळा झाला होता. अर्थात ह्यानं मालकांची जबाबदारी संपत नाही. पायरी त्यांच्याच इमारतीत होती, आणि दाराशी पकडायला एक दांडी बसवायला मजला बंद करावा लागत नाही. हे मी त्यांना बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

चेनकडे नियम नसतात असं नाही हं. तपासणीला माणसं येतात, गुण देतात. उत्पन्नातला काही हिस्सा, साधारण चार टक्के धरायची पद्धत आहे, फर्निचर आणि सामान बदलण्यासाठी बाजूला ठेवायचा असतो. हॉटेल विकलं गेलं किंवा करार नव्यानं झाला की सुधारणांची मोठी यादी मालकाच्या हातात पडते. पण एक अडचण आहे. मालकाला साखळीतून काढलं तर चेनचीही फी जाते आणि हॉटेलांचा आकडा कमी होतो. आणि शेअर बाजाराला दाखवायचा असतो तो वाढता आकडा. त्यामुळे काढायचा अधिकार असतो, पण तो वापरताना हात आखडतो.

आता दुसरा प्रश्न. इतके ब्रँड कशाला?

२०१६ मध्ये मॅरियटनं स्टारवूड ही कंपनी साधारण तेरा अब्ज डॉलरना घेतली, तेव्हा त्यांच्याकडे एकूण तीस ब्रँड झाले. तीस! मला सांगा, तुम्ही-आम्ही झोपायच्या किती तऱ्हा सांगू शकतो? स्वस्त, मध्यम, भारी, आणि मुक्काम लांबला तर स्वयंपाकघरवाली खोली. फार तर सहा-सात.

सुरुवातीला ब्रँड वेगळा काढण्यामागे विचार होता. मॅरियटनं १९८३ मध्ये कोर्टयार्ड काढलं त्याआधी कामासाठी फिरणाऱ्या लोकांना नेमकं काय हवं ह्याचा पद्धतशीर अभ्यास केला. खोली मोठी हवी की लॉबी? एकापेक्षा जास्त रेस्टॉरंटं हवीत का? कशासाठी जादा पैसे द्याल आणि काय नसलं तरी चालेल? त्यातून जे निघालं ते कोर्टयार्ड. त्या अभ्यासाची पद्धत आजही मार्केटिंगच्या वर्गात शिकवतात. इथे पाहुणा समोर ठेवून ब्रँड बनवला गेला.

पण नंतरच्या कित्येक ब्रँडांचं कारण करारात सापडतं. मालक जेव्हा नाव घेतो तेव्हा त्याला बऱ्याचदा एक हद्द मिळते. ह्या परिसरात अमुक वर्षं ह्याच नावाचं दुसरं हॉटेल आम्ही देणार नाही, असं कलम. मग त्याच चौकात दुसरा मालक चेककबुक घेऊन उभा राहिला तर काय करायचं? त्याला दुसरं नाव द्यायचं! नाव वेगळं, म्हणून कलम मोडलं नाही. बुकिंगचं अ‍ॅप मात्र एकच.

हा माझ्या डोक्यातला संशय नाही. अमेरिकेत भारतीय वंशाच्या, मुख्यतः गुजराती, हॉटेलमालकांची एक मोठी संघटना आहे, आहोआ. १९८९ मध्ये स्थापन झाली आणि आज तिच्या सभासदांकडे अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं आहेत. त्यांनी १९९८ मध्ये न्याय्य फ्रँचायझीचे बारा मुद्दे मांडले. त्यातला एक मुद्दा नेमका हाच आहे, की आमच्या शेजारी आणून बसवलेल्या तुमच्याच भाऊबंद ब्रँडपासून आम्हाला संरक्षण द्या. म्हणजे नावं कुणासाठी वाढतात हे धंद्यातल्यांना पक्कं ठाऊक आहे.

मग अशा वेळी बाजारातली जागा धूसर होते. शेरेटनचं बघा. १९३७ चा ब्रँड, एके काळी मोठी ऐट. नंतर तो १९६८ मध्ये आयटीटीकडे गेला, १९९८ मध्ये स्टारवूडकडे, २०१६ मध्ये मॅरियटकडे. चीनसारख्या देशात तो उशिरा आणि नव्या इमारतींत पोहोचला, म्हणून तिथे त्याचा मान टिकला. अमेरिकेत जुन्या इमारती पोटात घेऊन तो दमला. कंपनीनं काय केलं? २०१५ मध्ये त्यातल्या चांगल्या हॉटेलांना 'शेरेटन ग्रँड' असं वेगळं लेबल दिलं. आता विचार करा. चांगल्या शेरेटनला वेगळं नाव द्यावं लागतं, ह्याचा अर्थ नुसत्या शेरेटन ह्या नावावर कंपनीचाच भरवसा उरला नव्हता.

आपल्या घरचं उदाहरणही घेऊ. पुणेकरांना कोरेगाव पार्कजवळचं ब्लू डायमंड माहीत आहे. हॉटेल तेच, पण बोर्डाचा प्रवास बघा: ताज ब्लू डायमंड, मग व्हिवांता बाय ताज, आणि आता आयएचसीएलच्या सिलेक्शन्स ह्या साखळीतलं ब्लू डायमंड. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंटचंही तसंच. ताज समूहाची मालक कंपनी, इंडियन हॉटेल्स, हिनं आधी वरचं सगळं ताजच्या नावाखाली ठेवलं होतं. मग २००८ मध्ये गेटवे आणि २०१० मध्ये व्हिवांता वेगळं काढलं. २०१७ मध्ये पुन्हा जाहीर केलं की दोन्ही नावं बंद, सगळं ताज. त्याच वर्षाच्या अखेरीला नवे प्रमुख आले आणि निर्णय फिरला. व्हिवांता परत आलं, २०१९ मध्ये सिलेक्शन्स आलं, पुढे गेटवेही परत आलं.

ह्यावर हसायला सोपं आहे, पण मला त्यात एक खरी पंचाईत दिसते. सगळ्यांना 'ताज' म्हटलं तर गेटवे ऑफ इंडियासमोरच्या १९०३ च्या राजवाड्याची अपेक्षा घेऊन माणूस कुठल्याही शहरातल्या साध्या बिझनेस हॉटेलात शिरणार. वेगळी नावं दिली तर प्रत्येक नावाचा अर्थ लोकांना नव्यानं शिकवावा लागणार, आणि दर सात-आठ वर्षांनी नावं हलली तर लोक शिकणार कधी? जिंजरचंही तसंच. २००४ मध्ये बंगळुरात 'इंडीवन' म्हणून सुरू झालं तेव्हा कल्पना स्पष्ट होती: स्वच्छ पलंग, स्वच्छ बाथरूम, हजार रुपयांच्या आसपास, आणि आपली बॅग आपणच उचलायची. आज मुंबई विमानतळाजवळचं जिंजर ३७१ खोल्यांचं, चकचकीत आहे. कंपनी जुनी जिंजरही नव्या रूपात आणते आहे. पण जोवर दोन्ही रूपं एका नावाखाली नांदतात, तोवर 'जिंजर म्हणजे काय' ह्याचं उत्तर 'कुठलं जिंजर' ह्यावर अवलंबून राहतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे फ्रँचायझी वाईट, कंपनीनं स्वतः बांधावं. ब्रिटनमध्ये प्रीमियर इन हे बहुतांशी कंपनी स्वतः चालवते, आणि तिथे ते जमलंय. पण फ्रँचायझीतही जमतं, आणि मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण तेच आहे. हॅम्प्टन इन. १९८४ ची चेन, बहुतेक सगळी फ्रँचायझीवर. १९८९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, शंभर टक्के समाधानाची हमी. पाहुणा नाराज असेल तर त्या रात्रीचे पैसे नाहीत. आणि ते ठरवायचा अधिकार मॅनेजरपुरता नव्हता. खोली साफ करणारी बाईसुद्धा सांगू शकत होती, तुमचे पैसे परत.

लोकांना वाटलं, फुकटे झुंडीनं येतील. पण झालं काय, की प्रत्येक परतावा ही एक तक्रार झाली, आणि ती खोली क्रमांकासकट नोंदली गेली. आमच्याकडे ह्याला बग रिपोर्ट म्हणतात. कुठलं हॉटेल वारंवार पैसे परत करतंय ते लगेच दिसायचं, आणि खर्च त्याच हॉटेलला बसायचा. शिवाय चेननं वचनच लहान ठेवलं होतं: स्वच्छ खोली, नाश्ता, बस. बँक्वेट हॉल नाही, तीन रेस्टॉरंटं नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मालक वेगळा आहे म्हणून हॉटेल खराब होत नाही. ते खराब होतं जेव्हा वचन मोजता येत नाही आणि ते मोडल्याची किंमत वचन देणाऱ्याला बसत नाही. 'अविस्मरणीय अनुभव' हे मोजता येत नाही. 'बाथरूमला पायरी नाही' हे मोजता येतं. माझ्या चेनच्या वेबसाइटवर पहिलं पानभर होतं आणि दुसरं कुठेच नव्हतं.

स्टारांचं काय, असं विचाराल. आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाचं वर्गीकरण आहे, पण ते ऐच्छिक आहे आणि एकदा मिळालं की पाच वर्षं चालतं. उपयोग आहेच, पण वेबसाइटवर दिसणारे सगळेच तारे मंत्रालयाचे नसतात, काही वेबसाइटनं स्वतःच लावलेले असतात. कुठला तारा कुणी दिलाय ते एकदा बघत जा.

आता मी काय करतो ते सांगतो आणि आटोपतो.

एक, नाव बघून फक्त यादी छोटी करतो, निर्णय घेत नाही. दोन, हॉटेल कधी बांधलं, आणि आधी त्याचं नाव काय होतं, हे शोधतो. जुन्या नावानं शोधलं की जुने फोटो मिळतात. बाथरूम क्वचितच बदलतात, हे लक्षात ठेवा. तीन, रिव्ह्यू फक्त गेल्या तीन महिन्यांचे, आणि तेही पाहुण्यांनी काढलेल्या फोटोंसकट. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, थेट हॉटेलच्या काउंटरवर फोन करतो. कॉल सेंटरला नाही. विचारतो, लिफ्ट रस्त्याच्या पातळीला आहे का? बाथरूमच्या दारात पायरी आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवाल का? चांगलं हॉटेल दोन मिनिटांत पाठवतं. जे टाळतं त्याचं उत्तर आपल्याला मिळालेलंच असतं. आणि पाच, तक्रार करायची तर चेनला करा, पण बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिलाही करा. मेल दोघांना, एकाच वेळी. म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येत नाही.

मागच्या दिवाळीनंतर आईचा दुसरा गुडघा झाला. ह्यावेळी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतलं एक साधं लॉज घेतलं. नाव सांगून तुम्हाला काही कळणार नाही, कारण त्या नावाचं दुसरं लॉज कुठेच नाही. मालक खालीच बसतात. मी फोनवर पायरीचं विचारलं तर म्हणाले, "पायरी आहे, पण आम्ही लाकडी उतार करून घेतलाय. समोर हॉस्पिटल आहे, आमच्याकडे येतातच गुडघेवाले." फोटोही पाठवला. चादर जुनी होती, टीव्ही चालत नव्हता. आई दहा दिवस एकटी बाथरूमला गेली आणि आली.

निघताना तिनं मालकांना विचारलं, "तुमच्या आणखी कुठं शाखा आहेत का हो?" ते म्हणाले, "नाही हो ताई, एकच सांभाळतो."

आई मला म्हणाली, "बघ." मी म्हटलं, "बघितलं."

तर मंडळी, तुमचा असा एखादा अनुभव असेल, चेनचा किंवा लॉजचा, चांगला किंवा वाईट, तर नक्की कळवा. आणि तुमच्यापैकी कुणी हॉटेलमालक असाल, तर तुमची बाजू ऐकायला मला खरोखर आवडेल, त्यावर आपण वेगळा भाग करू. भेटू पुढच्या भागात. तोवर प्रवासाला निघण्याआधी एक फोन करा. नमस्कार.